गुंडीचे बहात्तर गुण

'मेंदू कोणासाठी थांबत नाही!' हे सत्य शीघ्र हस्तक्षेप केंद्राच्या भिंतीवर हातभर उंच निळ्या अक्षरांत लिहिलेलं होतं. खाली जरा बारीक अक्षरांत खुलासा होता, की पहिल्या तीन वर्षांत मुलाच्या मेंदूची जी घडण होते ती पुढे जन्मभर तशी होत नाही, तेव्हा पालकांनी एक दिवसही वाया घालवू नये. आणि त्याच्याही खाली चिकटपट्टीने डकवलेला एक कागद होता : 'प्रतीक्षा यादी – अकरा महिने. सारखे विचारू नये.'

बाईंनी हे तिन्ही मजकूर एका दमात वाचले आणि सवयीने पर्समधलं लाल पेन चाचपलं. चौतीस वर्षं शाळेत काढलेली, त्यातली एकोणीस मुख्याध्यापिका म्हणून. सगळं गाव त्यांना बाईच म्हणायचं. त्यांचे कैलासवासी यजमानही बाईच म्हणायचे आणि बोलण्याआधी हात वर करायचे, असं वाईट लोक सांगत.

"यादी अकरा महिन्यांची, आणि केंद्राचं नाव शीघ्र?" बाईंनी खिडकीतल्या कारकुनाला विचारलं.

"आजी, पूर्वी चौदा होती."

"मी तुमची आजी नाही."

"बरं आजी. मुलीचं वय?"

मुलीचं, म्हणजे नातीचं, वय तेव्हा एक वर्ष अकरा महिने होतं. घरात तिला गुंडी म्हणत. गुंडी हाक मारली तर वळत नव्हती, बोट करून काही दाखवत नव्हती, आणि 'आई' म्हणायचं तर राहोच, पण ओठसुद्धा हलवत नव्हती. कान तपासून झाले होते, कान ठणठणीत होते. तिची आई, म्हणजे बाईंची लेक, औषधाच्या दुकानात दिवसभर काउंटरवर उभी असे. जावई जहाजावर, म्हणजे फोनवर. तेव्हा गुंडी दिवसभर बाईंच्या ताब्यात होती.

नाव नोंदवून निघताना बाईंच्या हातून ते घडलं, ज्याचा पुढे इतका गाजावाजा झाला. बोळातल्या एका दाराला काचेची झडप होती. आत एका छोट्या टेबलाशी कुणाच्या तरी मुलाची चाचणी चालली होती. तपासणाऱ्या मुलीने आठ लाल ठोकळे मांडले. मग एक पेला आणि चमचा. मग सहा चित्रांचा पुठ्ठा : कुत्रा, बूट, मोटार, मासा, पेला, पक्षी. बाई झडपेशी उभ्या राहिल्या आणि शेवटपर्यंत हलल्या नाहीत. कॉपी करणाऱ्या मुलाला त्यांनी आयुष्यात कधी माफ केलं नव्हतं. पण आपण कॉपी करतोय हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. त्यांच्या हिशेबी ही तपासणीची तयारी होती. शाळेत साहेब यायच्या आधी महिनाभर त्या हेच करत. साहेब कुठला धडा उघडणार, कुठल्या बाकावरच्या मुलाला उठवणार, सगळं ठरलेलं. एकोणीस वर्षांत एकही शेरा वाईट नाही.

घरी आल्याआल्या त्यांनी सुताराकडून आठ ठोकळे करून घेतले. लाल रंग, इंचाला इंच. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता गुंडीची शाळा भरली.

अकरा महिने! एकही सुटी नाही. बाई टेबलावर बोटाने दोनदा टकटक करत, गुंडीचा हात धरून ठोकळ्यावर ठोकळा ठेवत, आणि जिभेवर एक मनुका. पहिले चार महिने गुंडीने ठोकळे नुसते भिरकावले. पाचव्या महिन्यात दोन राहिले, सातव्यात चार, आणि दहाव्यात एके सकाळी आठाचा मनोरा उभा राहिला तेव्हा बाई मोरीत जाऊन तोंड धुऊन आल्या. चित्रांचा पुठ्ठाही त्यांनी कापून, चिकटवून तस्साच केला. कुत्रा, बूट, मोटार, मासा, पेला, पक्षी. बाई नाव घेत, गुंडीचं बोट पुढच्या चित्रावर जाई.

लेक एकदा म्हणाली, "आई, तिला चित्रं कळतात का गं, की नुसतं बोट सरकतंय?"

"आधी बोट सरकू दे. कळणं मागून येतं. अर्धा वर्ग असाच पास झालाय माझा."

चाचणीचा दिवस आला. गुंडी दोन वर्षं दहा महिन्यांची. तपासणारी मुलगी तीच होती. बाई तिला मनातल्या मनात ठोकळेवाली म्हणत. थकलेले डोळे, पण हात हलका. तिने ठोकळे मांडले आणि सहज, अगदी सहज, टेबलावर बोटाने टकटक केली. गुंडीने आठाचा मनोरा केला. पुठ्ठा आला. कुत्रा? बूट? मोटार? बोट सरकत गेलं. बाई मागच्या खुर्चीत ताठ बसल्या होत्या, साहेबांच्या मागे बसत तशा. ठोकळेवालीने एकदा मान वाकडी करून गुंडीकडे पाहिलं, पेन उचललं, पुन्हा ठेवलं, आणि बेरीज केली.

दोन आठवड्यांनी पत्र आलं. 'कळविण्यास आनंद होतो की, आपल्या पाल्याने बहात्तर गुण मिळवले असून सेवेसाठीची मर्यादा सत्तर गुणांच्या आत असल्याने आपले पाल्य सेवेस अपात्र आहे. अभिनंदन.'

बाईंनी ते दोनदा वाचलं. सत्तरच्या आत असेल तर मदत! वर असेल तर घरी! चौतीस वर्षांत त्यांना नापास होण्याचा फायदा असलेली परीक्षा भेटलीच नव्हती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, आणि हात तोही दुसऱ्याचा, मनुका देऊन तयार केलेला.

लेक कामावरून आली, चप्पल न काढता पत्र वाचलं, आणि भडकली. आरडाओरडा करण्याची तिची पद्धत नव्हती. ती औषधं देतानाच्या आवाजात बोलली.

"सकाळी किती, दुपारी किती, तेवढंच सांगते मी लोकांना दिवसभर. तुलाही तेवढंच सांगते. तिला पास करायचं नव्हतं आई. तिला मदत हवी होती."

"अगं, मला काय ठाऊक की..."

"तुला ठाऊकच नसतं. तुला शेरा हवा होता चांगला. नात मंद आहे असं कुणी म्हणायला नको होतं."

"मंद हा शब्द माझ्या घरात नको."

"हे बघ! शब्द नको. मी अकरा महिने रोज घरी येते आणि वाटतं आज तरी माझ्याकडे बघेल. ती ठोकळ्यांकडे बघते. मला आई म्हणत नाही गं ती. आठ ठोकळे ठेवते." मग तिने चप्पल काढली. "सहा आठवड्यांनी तीन पूर्ण. मग हे केंद्र बंद आपल्याला. आता तू काय ते कर."

ती रात्र बाईंनी कशीतरी काढली आणि सकाळी गुंडीला कडेवर घेऊन केंद्र गाठलं. तळपायाची आग मस्तकात गेली होती. त्यातली निम्मी केंद्रावरची होती आणि निम्मी कोणावरची ते त्यांना ठाऊक होतं, म्हणून ती केंद्राच्याच खात्यात टाकून त्या थेट मुख्य अधिकाऱ्याच्या खोलीत शिरल्या.

गावातला दर चौथा साहेब बाईंचा विद्यार्थी निघत असे. हा निघाला नाही. हा गोल चेहऱ्याचा, हसतमुख होता, ज्याच्यावर रागवायला त्रास पडतो असा.

"या, या! ही ती बहात्तरवाली का? कमाल केली हो तुमच्या नातीने!"

"गुण कमी करून द्या," बाई म्हणाल्या.

साहेबांनी चष्मा पुसला. "गुण वाढवून मिळण्याचा अर्ज आहे आमच्याकडे. कमी करण्याचा नाही. आजवर कुणी मागितलाच नाही."

"मग पुन्हा चाचणी घ्या."

"घेऊ की. नियमाप्रमाणे सहा महिन्यांनी."

"सहा महिन्यांनी ती तीनच्या वर असेल."

"मग ती आमच्याकडे येतच नाही. प्रश्नच मिटला!"

"कोणाचा?"

साहेब हसले. त्यांना तो विनोद वाटला.

बाईंनी गुंडीला खुर्चीत बसवलं. मग, ज्या आवाजात त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांकडून कबुलीजबाब घेतले होते त्याच आवाजात स्वतःचा दिला. "मी पेपर फोडला. झडपेतून पाहिला. घरी तसेच ठोकळे, तसाच पुठ्ठा. अकरा महिने घोकंपट्टी करून घेतली. माझी तक्रार लिहून घ्या."

साहेबांनी खणातून एक कागद काढला. "तक्रार कोणाविरुद्ध?"

"माझ्याविरुद्ध."

ते बराच वेळ कागद वरखाली बघत राहिले. "तसा रकाना नाही हो."

आता मात्र बाईंचा बांध फुटला. त्यांनी साहेबांच्या टेबलावर हात फिरवला. शिक्के, शाईचा पॅड, टाचण्यांची डबी, गोंदाची बाटली, रिकामा कप, सगळं गुंडीसमोर ढकललं आणि टकटक केली. गुंडीने कुणाकडे न बघता काम सुरू केलं. खाली एक शिक्का आडवा, त्यावर पॅड, त्यावर डबी, त्यावर दुसरा शिक्का, त्यावर कप.

"वा!" साहेबांनी टाळी वाजवली. "बघा, म्हणजे येतंय की!"

"आता तिला नावाने हाक मारा."

"गुंडी! ए गुंडी! गुंडाबाई!"

गुंडी कपावर गोंदाची बाटली ठेवत होती.

"लहान आवाज ऐकू जात नसेल," साहेब म्हणाले.

"कानाचा अहवाल तुमच्याच फाइलीत आहे, पान चौथं." आणि बाईंनी स्वतः हाक मारली. चारशे मुलांचं मैदान ज्या आवाजाने एका क्षणात गप्प होई, त्या आवाजात. "गुंडी!" बोळातले सगळे वळले. खिडकीतला कारकून उभा राहिला. साहेबांनी नकळत पाय जुळवले. गुंडी वळली नाही.

"तिला येत नाही," बाई म्हणाल्या.

अकरा महिन्यांत हे वाक्य त्यांनी पहिल्यांदा उच्चारलं होतं. ते बाहेर पडल्यावर मात्र त्यामागे बाकीचं घळाघळा आलं.

"तिला येत नाही. हाक कळत नाही. आई कळते की नाही ते तिच्या आईला कळत नाही. आणि हे तुमच्यापुढे ओरडून सांगावं लागतंय मला, जणू बक्षीस मागतेय! दारात मूल आलं तर तुम्ही विचारता काय, की पुरेसं बुडालंय का? पाणी नाकापर्यंत असेल तर दोरी. हनुवटीपर्यंत असेल तर अभिनंदन! आणि नाकापर्यंत आलेल्यालाही म्हणता, अकरा महिने श्वास धर. चूक केली मी, मान्य. पण आजीच्या चार मनुकांनी जी चाचणी फसते, ती चाचणी आहे की जादूचे प्रयोग?"

दारात ठोकळेवाली उभी होती. आवाज ऐकून आली असावी.

"साहेब, चित्रं छापील क्रमानेच विचारायची असा नियम आहे, म्हणून मी तशी विचारली. पण ती चित्रांकडे बघतच नव्हती. मला तेव्हाच शंका आली."

"मग लिहिलं का नाहीस?" साहेब.

"शंकेला रकाना नाही."

ठोकळेवाली खाली बसली आणि गुंडीच्या डोळ्यांच्या पातळीवर चेहरा नेऊन नुसती थांबली. काही मागितलं नाही, टकटक केली नाही. बऱ्याच वेळाने गुंडीची नजर तिच्या चेहऱ्यावरून क्षणभर घसरत गेली. ठोकळेवालीने तेवढ्यावर मान हलवली, जणू कुणी तिला काही दिलं होतं. बाईंनी ते पाहिलं. अकरा महिन्यांत हे करायचं त्यांना सुचलं नव्हतं.

"गुरुवारी सकाळी साडेआठची वेळ रिकामी झालीय माझी," ठोकळेवाली म्हणाली. "तिथे एक मुलगा होता."

"त्याचं काय झालं?" बाईंनी विचारलं.

"सोमवारी तीन पूर्ण झाले." एखाद्याचं बरंवाईट झाल्याचं सांगावं तसं तिने सांगितलं.

साहेबांनी बाईंकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, बोळातल्या गर्दीकडे पाहिलं आणि फाइलीवर, दात काढून घेणाऱ्या माणसाच्या चेहऱ्याने, 'विशेष बाब' असं लिहून सही केली. सहा गुरुवार. दर गुरुवारी चाळीस मिनिटं. त्यानंतर वाढदिवस, मग पुढचा विभाग, वरचा मजला. तिथली यादी चौदा महिन्यांची, नाव आजच घालून ठेवलेलं बरं, असंही त्यांनी आपुलकीने सांगितलं.

बाईंनी मनात गुणाकार केला. चार तास. अकरा महिन्यांच्या बदल्यात चार तास, आणि तेही भांडून. त्यांच्या तोंडाशी इतकं काही आलं होतं की कुठून सुरुवात करावी तेच कळेना. पुढच्या गुरुवारी पाहू, असं म्हणून त्यांनी गुंडीला उचललं आणि दाराकडे वळल्या.

"बाई," साहेबांनी मागून हाक मारली. "एक विनंती होती."

बाई थांबल्या. आता हा वर कुठे लिहू नका म्हणणार, वर्तमानपत्रात देऊ नका म्हणणार. त्यांनी पाठ ताठ केली. "बोला."

साहेब टेबलावरच्या मनोऱ्याकडे बघत होते. त्याला हात लावायचं त्यांना धैर्य होत नव्हतं.

"त्यातला अगदी तळाचा शिक्का तेवढा काढून द्याल का? 'अपात्र'चा आहे. बाहेर चार जण बसलेत."