गोड रक्ताची सून

मी मच्छरदाणी. जन्मापासून अंगाला भोकंच भोकं, त्यामुळे माझ्या पोटात काही राहत नाही. ऐकलं ते सांगून टाकते.

कारखान्यात मला विणलं, औषधात बुडवलं आणि घडी करून हट्टा गावी धाडलं. आरोग्य केंद्रातून मी सत्यभामाबाईंच्या घरी आले. वाटलं, आता खाटेवर मिरवायचं. कसलं काय! शेळ्या आत शिरू नयेत म्हणून बाईंनी मला मेथीच्या वाफ्याभोवती बांधलं. त्या शेळ्यांनी माझा एक कोपराच चघळून टाकला.

मग घरात सून आली, अंजली, जवळा बाजारची. पहिल्याच पावसाळ्यात तिला हुडहुडी भरून ताप आला, तेव्हा कुठे मला घरात घेतलं.

"पोरीचं रगत गोड हाय, म्हणून डास तिलाच धरतेत," बाईंनी निकाल दिला. "माह्या प्रभूला बघा. दर पाडव्याला मूठभर लिंबाचा पाला खातो. रगत कडू! ताप त्याच्या वाऱ्याला उभा राहत न्हाई."

झालं. अंजली माझ्या आत आणि तिचा नवरा प्रभू बाहेर अंगणात बाजेवर, उघडाबंब. वर रोज सकाळी अंजलीला वाटीभर कडुलिंबाच्या पाल्याचा रस. तोंड वाकडं करून ती प्यायची बिचारी, तरी ताप पुन्हा आला. उतरला, नि परत आला. संध्याकाळी ती चुलीपाशी बसायची, तिथे मी कुठून असणार? शिवाय माझा चघळलेला कोपरा उघडाच होता.

"दुखणाईत पोरगी गळ्यात मारली आमच्या," बाई म्हणाल्या. "जाऊ दे माहेरी." कधीपर्यंत, ते कोणी बोललं नाही. प्रभूही गप्प. मला त्याचा भारी राग आला. रक्त एवढं कडू, मग जीभ इतकी मिळमिळीत कशी? अंजलीची पिशवी भरून ओट्यावर ठेवली होती आणि तिचा भाऊ न्यायला निघाला होता.

तेवढ्यात आरोग्य केंद्राच्या डॉक्टर मंजुषा आल्या. केंद्रात तपासलेल्या अंजलीच्या रक्तात मलेरिया सापडला होता, म्हणून घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासायला.

"त्याचं काहून घेता? तो ठणठणीत हाय," बाई म्हणाल्या. तरी प्रभूच्या बोटाला सुई टोचलीच. थोड्या वेळाने तपासणीच्या पट्टीवर नको ती रेघ उमटली.

"मलेरिया प्रभूलाही आहे," डॉक्टर म्हणाल्या.

"तुमचं कायतरी चुकून राहिलं, म्याडम!"

"नाही, आजी. आईबापाकडून नाकडोळे येतात, तसे रोगाशी लढणारे शिपाईही येतात. ज्याचे त्याचे निराळे. प्रभूच्या शिपायांनी जंतू दाबून ठेवलेत, म्हणून त्याला ताप नाही, पण हाकलून लावले नाहीत. त्याला चावलेला डास काही दिवसांनी अंजलीला चावला असेल. तिचे शिपाई आरडाओरड करतात, म्हणून ती तापते. कुणाचे शिपाई असे का, हे अजून पुरतं कळलेलं नाही. पण गोड रक्त, कडू रक्त असं काही नसतं."

"मंजी ताप या घरातच व्हता?"

"बहुतेक. पण दोष कुणाचाच नाही. गोळ्या दोघांनीही घ्यायच्या."

प्रभू उठला, ओट्यावरची पिशवी उचलून आत घेऊन आला. "ती कुठंबी जाऊन राहिली न्हाई," तो म्हणाला. अंजलीने तोंडाला पदर लावला. माझ्या तर दोऱ्यादोऱ्याला गार वाटलं.

आता दोघंही माझ्या आत निजतात. ताप गेला, तपासणीत दोघंही मोकळे निघाले. माझा कोपरा बाईंनी स्वतः शिवला. टाके वाकडे आहेत, पण पक्के. माझं एवढंच मागणं आहे: मला चारही बाजूंनी नीट खोचा, आणि घरात एकाला ताप आला तर ठणठणीत माणसाचंही बोट पुढे करा.

काल शेजारच्या सुमनबाईंनी मुद्दाम विचारलं, "काय वं, गोड रगताची सून कशी हाय?"

बाई गल्लीला ऐकू जाईल अशा बोलल्या, "तिच्यात खोट न्हाई, सुमन. ताप माह्या घरात व्हता, अन् म्या माह्या पोरीलाच घराभाईर काढाया निघाले व्हते."