चौदावा खडा

मुलुंडला आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून जंगलाची पाठ दिसते. श्रावणात हिरवीगार, मे महिन्यात वाळलेल्या गवताच्या रंगाची. जंगल इतकं जवळ, पण आत शिरायचं फाटक बोरिवलीला, अख्ख्या डोंगराला वळसा घालून पलीकडे. नाना म्हणायचे, "शेजाऱ्याकडे जायचं तर बघ, गाव फिरून यावं लागतं."

नाना म्हणजे माझे वडील, धम्मपाल तायडे. मूळचे अकोल्याकडचे. धर्मांतराच्या पुढच्या वर्षी जन्मले म्हणून आजोबांनी हे नाव ठेवलं. ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्रात त्यांनी चौतीस वर्षं यंत्रशाळेत काढली. तिथे आत जाताना प्रत्येकाने छातीला बिल्ला लावायचा आणि निघताना तो फळीवर आपापल्या खिळ्याला अडकवायचा. सुपरवायझर झाल्यावर नाना सगळ्यांत शेवटी निघत. एक जरी खिळा रिकामा दिसला तरी थांबून राहत. आई होती तेव्हा चिडायची, "माणसं काय कुक्कुली बाळं आहेत?" नाना शांतपणे म्हणायचे, "आत गेलेला माणूस बाहेर आला की नाही, एवढं कुणाला तरी माहीत पाहिजे ना."

त्यांना झाडांचा नाद होता. रविवारी सकाळी पाठीवर पिशवी टाकून ते बोरिवलीला जात आणि दुपारी बुटांना चिखल घेऊन येत. २०१६ साली सप्टेंबरात त्यांनी मला उठवलं. "कारवी फुललीय. आठ वर्षांतून एकदाच फुलते. सगळा उतार जांभळा झालाय, चल."

मी अंथरुणात वाचत पडले होते. एक जाडजूड कादंबरी, शेवटची शंभर पानं उरलेली. म्हटलं, "नाना, पुढच्या वेळी नक्की."

"पुढच्या वेळी मी सदुसष्टचा असेन," ते म्हणाले. जरा हिशेब करून पुन्हा म्हणाले, "म्हणजे काही फार नाही."

ती कादंबरी मी त्या दिवशी संपवली. आज तिचं कथानकही आठवत नाही.

यंदा जुलैमध्ये त्यांनी एका संस्थेच्या निसर्गफेरीत दोन नावं नोंदवली. सकाळी सात ते बारा, सोबत जाणकार वाटाड्या, कारवीचा उतार. मला विचारलं नाही, नुसतं सांगितलं. ऑगस्टच्या बावीस तारखेला सकाळी दात घासता घासता ते मोरीपाशी खाली बसले. मी चहा गाळत होते. रुग्णवाहिका यायच्या आधीच सगळं संपलं होतं. ब्रश त्यांच्या मुठीत राहिला होता, तो मी सोडवला.

फेरी सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी होती. पावसाने ती पुढे गेली. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीची नवी तारीख नानांच्या फोनवर आली: आपली दोन्ही नावं कायम आहेत. तोवर मी त्यांचं नाव बऱ्याच ठिकाणांहून काढून आले होते. प्रत्येक खिडकीवर मृत्यूचा दाखला सरकवायचा आणि शांत उभं राहायचं, हे मला चांगलं जमू लागलं होतं. या निरोपाला मात्र मी उत्तर दिलं नाही.

त्या सकाळी उद्यानातल्या चौकीपाशी पोहोचले तेव्हा बाकीचे जमलेले होते. घाटकोपरच्या एका ज्येष्ठ नागरिक मंडळाचे सात जण, सगळ्यांच्या डोक्यावर सारख्या पांढऱ्या टोप्या. एक नवराबायको, कॉलेजातल्या तीन मुली. वाटाडी दीप्ती तिशीची, वनस्पतिशास्त्र शिकलेली, बोलायला तोफ. तिच्याबरोबर वनखात्याचा पहारेकरी चंदू. पन्नाशीचा, सडसडीत, हातात काठी. जंगलातल्याच एका पाड्यावर राहणारा.

"ऐका हां," दीप्ती म्हणाली. "नाव घेते, हात वर करा. प्रत्येक नावाला चंदूदादा एक खडा खिशात टाकणार. परत येताना चौकीच्या याच चौकटीतून एकेक जण बाहेर पडला की एकेक खडा टाकून देणार. खिसा रिकामा झाल्याशिवाय दादा घरी जात नाही. तेव्हा कुणी मध्येच सटकायचं नाही. आत बिबट्या आहे."

"आमच्या मंडळात पण आहे एक," टोपीवाल्यांपैकी निमेशभाई म्हणाले. "पण दात गेले त्याचे."

"तुझे बघ आधी," दुसरा म्हणाला. सगळे हसले.

नावं सुरू झाली. चंदू वाकून पायाखालचा एक खडा उचलायचा, खिशात टाकायचा. आधीच्या खड्यावर आपटून टक् असा बारीक आवाज यायचा.

"चेतना तायडे?"

मी हात वर केला. टक्.

"धम्मपाल तायडे?"

सांगायचं मी ठरवूनच आले होते. बसमध्ये वाक्यही तयार केलं होतं: ते येऊ शकले नाहीत. पण दीप्तीने नाव इतकं सहज घेतलं, जणू ते आसपासच कुठेतरी बुटाची नाडी बांधत असावेत. सात आठवडे त्यांचं नाव कुणी 'कैलासवासी' लावल्याशिवाय घेतलं नव्हतं. आमच्यात कैलास नसतो हे सांगायचाही मला कंटाळा आला होता.

"वडील ना तुमचे? आलेत ना?"

"हो," मी म्हणाले.

दीप्तीने टोप्यांच्या घोळक्याकडे एक नजर टाकली आणि कागदावर खूण केली. चंदू वाकला. टक्.

लगेच सुधारता आलं असतं. मी सुधारलं नाही. पोह्यांच्या पुड्या वाटताना दीप्तीने माझ्या हातावर दोन ठेवल्या, "काकांची पण घ्या," आणि त्याही मी घेतल्या.

वाट चढाची होती. दीप्ती पुढे, चंदू मागे. दीप्ती झाडं दाखवत होती, कुंभा, करंबेळ, भुत्याचं पांढरंफटक खोड, आणि प्रत्येक नावाला मला नानांचा आवाज ऐकू येईल असं वाटत होतं. नाही आला. त्यांची दुर्बीण माझ्या गळ्यात होती. ती डोळ्यांना लावली तर सगळं धूसर दिसलं. त्यांच्या नजरेला जुळवलेली होती. चाक फिरवलं असतं तर साफ दिसलं असतं. मी फिरवलं नाही.

दहाच्या सुमारास उतारावर पोहोचलो. दीप्ती थांबली. "हीच कारवी," ती म्हणाली. "सॉरी यार, दोन आठवडे उशीर झाला आपल्याला. पावसाने वाट लावली."

उतार तपकिरी होता. पुरुषभर उंचीच्या काड्या दाटीने उभ्या होत्या आणि त्यांच्या टोकांना सुकलेली, चिकट बोंडं होती. हात लावला तर बोटांना तेलकट वास लागत होता. खाली ओढ्याच्या बाजूला सावलीत पाचसहा फुलं राहिली होती. जांभळी. मुलींनी वाकून त्यांचे फोटो काढले.

"आता पुन्हा कधी फुलणार?" नवराबायकोंपैकी बाईंनी विचारलं.

"ही नाही फुलणार. कारवी एकदाच फुलते, बी धरते आणि वाळून जाते. अख्खा डोंगर एकदम. याच्या बियांतून नवीन येईल, ती फुलेल २०३२ला."

"म्हणजे आमचं बुकिंग भिंतीवरच्या फोटोतच," निमेशभाई म्हणाले. या वेळी कुणी फारसं हसलं नाही.

मला वाटत होतं, इथे आल्यावर काहीतरी होईल. रडू येईल, किंवा नानांना काय दाखवायचं होतं ते कळेल. मी त्या काड्यांसमोर उभी राहिले. जे दाखवायचं होतं ते २०१६ सालचं होतं, आणि त्या सालातली एकही काडी इथे नव्हती. ती कारवी सगळी मेली होती आणि तिच्या बियांतून आलेलीही आता मरत होती. मी दगडावर बसून माझी पुडी खाल्ली. दुसरी तशीच पिशवीत ठेवली.

बाराला आम्ही चौकीपाशी परत आलो. चंदू चौकटीत उभा राहिला. एकेक जण बाहेर आला की तो एकेक खडा रस्त्याकडेला टाकत होता. मी शेवटून दुसरी. माझ्यामागून दीप्ती आली, तिचा खडा नव्हताच. चंदूने खिशात हात घातला, बाहेर काढला. तळहातावर एक खडा होता.

"एक राहिला," तो म्हणाला.

दीप्तीने यादी काढली, नावावर बोट ठेवत खाली आली आणि माझ्याकडे बघितलं. "काका कुठायत?"

 लोक जवळ आले.

"मी बघितलं त्यांना," निमेशभाई म्हणाले. "कारवीपाशी. टोपी, चष्मा, एकटेच बसलेले दगडावर. मला वाटलं आपल्या मंडळातलेच."

"कसे दिसत होते?" मी विचारलं.

निमेशभाई क्षणभर गोंधळले. मुलगीच विचारते म्हटल्यावर. "थकलेले," ते म्हणाले. "पण बरे होते."

मला ठाऊक होतं की ते त्यांच्याच कुणा मित्राविषयी बोलतायत. तरी त्यांना आणखी विचारावंसं वाटलं, काय करत होते, कुठे बघत होते. तेवढ्यात चंदू काठी घेऊन वळला आणि आत चालू लागला. दीप्ती फोनवर संस्थेच्या माणसाशी बोलत होती, तिचा आवाज चढला होता. मुलींनी मला बाकावर बसवलं. एकीने पाणी दिलं. मी प्यायले.

मग आतून हाक आली.

"तायडे काका... ओ तायडे काका..."

झाडांमधून लांबत जाणारी हाक. मग थांबून, उत्तराची वाट बघून, पुन्हा. ऑगस्टपासून नानांना कुणी हाक मारली नव्हती. हाक मारून उत्तरासाठी थांबलं तर नव्हतंच. मला माहीत होतं की तो माणूस सकाळपासून चालतोय, भर दुपारी एकटा परत चढ चढतोय, माझ्यामुळे. तरी मी गप्प राहिले. हाक दूर गेली, ऐकू येईनाशी झाली, एकदा वाऱ्यावर पुन्हा आली. दहा मिनिटं असतील, पंधरा असतील. ती पूर्ण बंद झाली तेव्हा मी उठले.

"दीप्ती," मी म्हणाले, "त्यांना परत बोलवा. माझे वडील आत नाहीत. ते आलेच नव्हते."

"आलेच नव्हते म्हणजे? तुम्ही हो म्हणालात ना?"

"हो म्हणाले. ते ऑगस्टमध्ये वारले."

 मग तिच्या चेहऱ्यावर आला तो राग, आणि तो बघून मला बरं वाटलं; इतके दिवस माझ्याशी सगळे फार मऊ बोलत होते. "डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? तो माणूस आत एकटा गेलाय. त्याला काही झालं म्हणजे?" तिने शिट्टी काढून तीनदा जोरात वाजवली, थांबून पुन्हा तीनदा. टोपीवाले एकेक करून नजर वळवून बाजूला झाले. निमेशभाई तेवढे जवळ आले आणि माझ्या बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले.

चंदू अर्ध्या तासाने आला. सदरा घामाने पाठीला चिकटलेला. दीप्तीने त्याला बाजूला घेऊन सांगितलं. तो ऐकत राहिला, मग माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मी माफी मागितली. त्याने मान हलवली, ती होकाराची की नकाराची ते कळलं नाही.

मग त्याने मूठ उघडली. खडा घामाने ओला झाला होता.

"याचं काय करू?" तो म्हणाला. "आत गेला म्हणून घेतला. बाहेर आला की टाकायचा. हा माणूस आत गेला नाही, बाहेर आला नाही."

त्याचा सूर तक्रारीचा नव्हता. इतक्या वर्षांत त्याच्यावर अशी वेळ आली नसावी, एवढंच. दीप्ती म्हणाली, "दादा, द्या टाकून, जाऊ दे." त्याने टाकला नाही.

"तुम्ही टाका," तो मला म्हणाला. "मी टाकला तर खोटं होईल."

मी खडा घेतला. बोराएवढा, काळपट, एका बाजूला तुटलेला. बाकीचे लोक बसकडे निघाले होते. दीप्ती यादीची घडी घालत होती. मला तो घरी न्यायचा होता. पिशवीत पुडीशेजारी तो मावला असता, आणि मी नेला असता तर कुणी अडवलंही नसतं.

पण चंदू उभाच होता. काठीवर दोन्ही हात टेकवून, घाई न करता.

"तुम्ही जा ना घरी," मी म्हणाले.

"ते झाल्याशिवाय कसा जाऊ?" तो म्हणाला.

रिकाम्या खिळ्यासमोर नाना असेच थांबत असणार. कधी तास, कधी दीड तास. तो माणूस येईपर्यंत, बिल्ला अडकवेपर्यंत. आणि मग ते घरी येत, उशिरा, आणि आई ताट वाढून बसलेली असे.

मी हात खाली केला आणि बोटं उघडली. खडा रस्त्याकडेच्या खड्यांत पडला. चंदू वळून पाड्याच्या वाटेला लागला. मी लगेच खाली बघितलं. ते सगळेच काळपट होते, बरेचसे तुटलेले. त्यातला तो कुठला, ते मला सांगता येईना.