वेशीतला वाघ

कोरियाचा एक राजा शिकारीत घोड्यावरून पडला. उठला, इकडेतिकडे पाहिलं, आणि त्याचं पहिलं बोलणं हे: "इतिहास लिहिणाऱ्याला कळू देऊ नका."

*

कुरडईचा चीक शिजवताना हात थांबवायचा नाही. थांबवला की गाठी होतात.

*

वऱ्हाड कागदोपत्री निजामाचं, कारभारात नागपूरचं आणि उन्हाळ्यात कोणाचंच नाही.

*

पोळ्याचं तोरण एकदा तुटलं की त्या दिवशी पुन्हा बांधत नाहीत.

*

पहिल्या मसुद्यात वाघ होता. दुसऱ्यात बिबट्या. तिसऱ्यात तरस.

*

आता ही सगळी गुरं एका दावणीला बांधू.

धामणगाव बढे गावात शेषराव नावाचे मोठे शेतकरी. त्यांचा पोरगा इंद्रभान अमरावतीच्या कॉलेजात होता. इंटर झाला तेव्हा घरच्यांना वाटलं, आता वकिलीच्या वाटेला लागेल. पठ्ठ्यानं बी.ए.ला इतिहास घेतला. एक वर्ष झालं होतं, एक राहिलं होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत तो मलकापूरला गाडीतून उतरला, बैलांच्या दमणीत बसून घरी आला, आणि हातपाय धुतो न धुतो तोच शेषरावांनी विचारलं, "काय शिकून राह्यला बे तू तिकडं?"

"इतिहास, बाबा."

"ते समजलं. पन त्याचं करतेत काय?"

इंद्रभान पंचानं तोंड पुसत राहिला. कॉलेजात त्याला सगळ्यात आवडलेली गोष्ट परीक्षेत येणारी नव्हती. प्रोफेसर एकदा मोगलांवरून घसरत घसरत थेट कोरियात गेले होते. तिथं म्हणे राजा बोलेल ते आणि करेल ते लिहायला माणसं नेमलेली असत, आणि त्यांनी लिहिलेलं खुद्द राजालाही वाचता येत नसे. घोड्यावरून पडलेल्या राजाची गोष्ट त्यातलीच. लिहिणाऱ्यानं राजा पडल्याचं लिहिलंच, वर 'कळू देऊ नका' हे राजाचं म्हणणंही लिहून टाकलं. वर्ग हसला होता. इंद्रभान मात्र भिंतीवरच्या नकाशात अंगठ्याएवढा तो देश शोधत बसला होता.

शेषरावांनी दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी हुकूम सोडला. "आपल्या घराले पोळ्याचा पयला मान कसा आला, ते लिही. अखजीले मंडळी जेवाले येईन, तवा वाचून दाखव. पटलं तं जाय अमरावतीले. नाई तं वावर हाय, वखर हाय." अखजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, फार लांब नव्हती.

मान कसा आला, हे तर गावात कुत्र्यालाही ठाऊक होतं. पोळ्याच्या दिवशी ऐन वेशीत वाघ आला. त्या वेळचे मानाचे बैल गावातल्याच पंजाबरावांच्या आज्याचे. ते भिऊन मागं फिरले. इंद्रभानचे आजोबा उकंडराव मात्र काठी रोखून उभे राहिले, त्यांचे बैलही हलले नाहीत. वाघ गेला. तेव्हापासून तोरणाखालून पहिली जोडी शेषरावांच्या घरची.

इंद्रभान लिहायला बसला आणि अडला. वाघ कुठून आला? त्यानं चार म्हाताऱ्यांना विचारलं. एकानं वाघ सांगितला, एकानं बिबट्या, एकानं तरस. चौथा म्हणाला, "जनावर होतं बाप्पा, दात होते त्याले." मसुदे बदलत गेले, वाघ मात्र धड उभा राहीना.

अखजीसाठी माहेरी आलेली आत्या सोजराबाई परसात चीक घोटत होती. इंद्रभान तिच्याजवळ जाऊन बसला.

"आत्या, वाघ तू पाह्यला होता?"

सोजराबाईचा हात चालूच होता. "कोनता वाघ?"

"पोळ्याचा."

"वाघ कायचा," ती म्हणाली. "चिखल होता. तुह्या आज्यानं नवं धोतर नेसलं होतं, कोऱ्या कापडाचं, सोगा जमिनीवर. पंजाबरावाच्या आज्याची जोडी तोरणाखाली उभी. झडत्यांची गानी चालू. मांगून बैलानं सोग्यावर पाय देला, अन् बाबा पडले तोंडावर. हातातला कासरा सुटला. डफडं वाजतच होतं. आपले बैल बिचकले अन् गेले ना पंजाबरावाच्या जोडीच्या अंगावरून! तोरण शिंगात घेऊन थेट मारुतीच्या पाराले."

"मग?"

"मंग काय? तुटलं तोरण बांधता येत नाई. लोक म्हनले, नंदीनं सोता घेतला मान, मानसानं वापस कसा घ्यावा? दुसऱ्या साली आपलेच बैल पुढं. अन् बाबा चिखलात पडले, हे कोन सांगनार? म्हून हळूहळू वाघ आला. बस आता, लाकूड सार चुलीत."

इंद्रभाननं लाकूड सारलं. खरं लिहिलं तर बापाच्या बापाला, त्याच्याच नावाची घागर भरायच्या दिवशी, चिखलात पाडावं लागणार. तेही पंजाबरावांसमोर. वाघ ठेवला तर अमरावती नक्की. पण तिथं जाऊन शिकायचं काय?

चौथ्या मसुद्यात वाघ नव्हता.

*

अखजीचा दिवस. पितरांच्या घागरी भरून झाल्या, आमरस-पुरणपोळी झाली, ओसरीवर पानाचं तबक फिरलं. पंजाबराव लोडाला टेकून म्हणाले, "वाच बाप्पा. आमचे बैल भेकाड होते, हे जलमभर ऐकलं. आता इंग्रजी शिकलेल्या तोंडानं ऐकू."

इंद्रभाननं वाचलं. धोतराचा सोगा वाचला, कासरा वाचला, तोरण शिंगात अडकलेलं वाचलं. शेवट असा होता: 'या प्रसंगी वेशीत कोणतेही जनावर आले नव्हते.'

पंजाबरावांनी हातातला अडकित्ता खाली ठेवला.

"म्हंजे आमचे बैल भेले नवते," पंजाबराव सावकाश म्हणाले.

"नाही, काका. ते तोरणाखाली उभेच होते."

"पाहा." ते ताठ बसले. "मंग शेषराव, यंदाचा पोळा आमचा. वाघ गेला तं मानही गेला."

शेषराव पोराकडे बघत होते. "कोनं सांगतलं तुले हे?"

चुलीजवळची भांडी वाजायची बंद झाली. इंद्रभान म्हणाला, "बाबा, कोरियात राजालाही ते विचारता येत नसे."

"कुठी?"

"कोरियात. चीनच्या पलीकडं. आता जपानच्या ताब्यात आहे." आणि त्यानं घोड्यावरून पडलेल्या राजाची गोष्ट सांगितली. मंडळींना राजा पडला इथवर आवडली. 'कळू देऊ नका' हेही लिहून ठेवलं, यावर पंजाबरावांना इतकं हसू आलं की पानाचा ठसका लागला.

शेषराव हसले नाहीत. त्यांनी मांडी बदलली. "पंजाबराव, पानी प्या अन् ऐका. वाघापुढं उभा राह्यला तो मानूस. त्याचा मान त्याच्यासंगं गेला असता. पन तोरण बैलांनी तोडलं. बैलाचा मान बैलाकडं राह्यते, अन् ज्या गाईचे ते बैल, तिची पैदास अजून माह्याच गोठ्यात हाय. पोरानं तं आपला मान पक्का केला."

पंजाबरावांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "भेकाड तं म्हननार नाई ना आता?"

"कोन म्हनते? वाचलं ना त्यानं, उभे होते म्हून."

"मंग चालू द्या," पंजाबराव म्हणाले आणि दुसरं पान उचललं. आजा निर्दोष सुटला होता; एका पोळ्याच्या मानापेक्षा ते काही कमी नव्हतं.

मंडळी पांगल्यावर शेषरावांनी इंद्रभानला हाक मारली. "कॉलेज कवा उघडते?"

"मृगानंतर."

"तवर वखर हाकाले येत जाय. मंग नेऊन देतो मलकापूरले." ते आत जाता जाता उंबऱ्यावर थांबले. "अन् एक दुरुस्त कर. दोन्ही बैल संगं नाई बिचकले. आंधी उजवा बिचकला."

इंद्रभाननं तसं लिहिलं. रात्री अंगणात बाजेवर पडून तो कितीतरी वेळ जागा होता, आणि पोटात आमरस होता, आणि त्याला जगात कशाचीच घाई नव्हती.

उकंडराव पडले त्या पोळ्याला शेषराव सात वर्षांचे होते आणि वेशीच्या दगडावर बसलेले होते.