खंडेनवमीला धुतलेला कॅमेरा

माझ्या माहेरी, जतकडे हे घडलंच नसतं. तिथं टँकरचं पाणी पुरवून पुरवून वापरायचं. खंडेनवमीला कुऱ्हाड-विळे ओल्या फडक्यानं पुसले की देव खूश. पण मी पडले कृष्णाकाठी, उसाच्या घरात. इथं नळ सोडला की बंद करायचं कुणाला सुचत नाही.

त्या सकाळी भांडी घेऊन मागच्या दारी गेले, तर माझ्या सासूबाई नळाखाली सासऱ्यांचा कॅमेरा घासत होत्या. साबण लावून, काथ्यानं.

सासूबाईंना मी आत्या म्हणते, सासऱ्यांना मामा. मामा पलटणीतून सुभेदार होऊन निवृत्त झाले. तो रोलचा कॅमेरा त्यांनी पठाणकोटला असताना घेतला, आणि घरात त्याच्याइतके लाड कुणाचेच झाले नाहीत. रोल अजून पुण्याहून मागवतात. दर खंडेनवमीला अवजारांची पूजा झाली की आत्यांना दारात उभं करायचं आणि म्हणायचं, "मने, जरा हस की." आत्या काही हसायच्या नाहीत. भिंतीवर ओळीनं फोटो आहेत. प्रत्येकात आत्या परेडला उभ्या असल्यासारख्या सावधान.

"आवं आत्या, काय करताय?"

"आतनं लय काळा पडलाय गं. काजळी निघंना." मागचं झाकण उघडून त्यांनी आत बोटं घातली होती.

"आन आतला रोल?"

"ती पट्टी व्हय? पिळून वाळत घातलीया."

दोरीवर मामांच्या बनियनशेजारी रोल लोंबत होता.

मी भांडी तिथंच टाकली. कॅमेरा पाण्यानं मरतो, आतलं काळं हे काळंच असावं लागतं, पट्टीला ऊन लागलं की फोटो जातात, सगळं मी एका दमात सुनावलं. आत्यांचा चेहरा पांढराफटक. ज्या बाईच्या आवाजानं ऊसतोडीची टोळी सरळ होते, ती माझा हात धरून म्हणाली, "आता गं? बंदूक सरकारला परत केली, तवापास्नं त्यांचं म्हणून पुजायला काय हाय घरात? म्हटलं, ह्येच त्यांचं हत्यार. जरा लख्ख करावं."

मला चांगला राग आला होता. तो कुठं गेला, कळलंच नाही.

मग आम्ही त्या कॅमेऱ्याला उन्हात धरलं, पंख्याखाली ठेवलं, माझ्या केस वाळवायच्या मशीननं फुंकलं. शेवटी आत्यांनी बटण दाबलं. आतून 'पुच्' असा आवाज आला आणि भिंगाच्या कडेनं साबणाचा बुडबुडा निघाला, फुगला आणि आत्यांच्या नाकावर फुटला. मी फिस्सकन हसले. आत्यांनी डोळे वटारले. तेवढ्यात दुसरा निघाला.

आणि तालमीतली पूजा उरकून मामांची गाडी दारात! आम्ही कॅमेरा पूजेच्या पाटावर, विळा आणि फवारणीचा पंप यांच्या मधोमध ठेवला आणि वर हळद-कुंकू, झेंडू, जे हाताला लागलं ते ओतलं.

मामा आत आले. पाटाकडे बघितलं. झेंडू बाजूला सारला.

"ह्ये कुणी?"

आत्या पुढं झाल्या. "मी. धुतला. बिघडला."

मामांचे कान लाल झाले. त्यांनी कॅमेरा उचलला, बटण दाबलं. पुच्. बुडबुडा.

आत्यांनी तोंडाला पदर लावला, पण उशीर झाला होता. जी हसली ती बाई! खांबाला धरून हसली, खाली बसून हसली. त्यांना बघून मी हसले आणि मला बघून त्या आणखी.

मामा ओरडायला उघडलेलं तोंड तसंच ठेवून बघत राहिले. मग सवयीनं त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला. पाण्याची धार बाहीतून कोपरापर्यंत गेली.

"हसली! अगं, हसली! आन ह्यो मुडदा आजच मेलाय! समीक्षा, तुजा फोन दे, पळ! मने, थांबू नगंस. हसत ऱ्हा, हुकूम हाय!"

"फोनात काडलेला फोटू काय फोटू असतोय?" म्हणून नाक मुरडणारे मामा ते. माझ्या फोनवर त्यांनी काढलेल्या त्या फोटोत अर्धा त्यांचा अंगठाच आहे. उरलेल्या अर्ध्यात आत्या, हाताचं कुंकू कपाळभर फासलेलं, पडलेल्या दातांसकट हसणाऱ्या.

मामांनी फोन दोन्ही हातांनी डोळ्यांजवळ धरला.

"जाऊंदे त्यो कॅमेरा," हळूच म्हणाले. "ज्याच्यासाठी घेतला हुता, ते घावलं."

आत्यांनी डोळे पुसले, पदर खोचला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "त्यो फोन द्या हिकडं. त्याची बी पूजा ऱ्हायलीय."

मी फोन हिसकावला आणि जी पळाले ती थेट गच्चीवर.