जोडीतला डावा

मी डावा बोलतोय. दुकानात मला स्पीकर म्हणतात, पण आमच्यात एकट्यानं कुणी जन्मत नाही. जोडी निघते. एकाला डावीकडं उभं करतात, दुसऱ्याला उजवीकडं, आणि तेच नाव पडतं. माझा भाऊ उजवा, कमी बोलणारा. त्याच्यावर एकदा आळ आला तेव्हाही तो गप्प राहिला. म्हणून ही हकीकत मी सांगतोय.

माझा जन्म लातूरचा. गंजगोलाईच्या मागं एका गल्लीत संगमेशचं दुकान आहे. या माणसाला हे काम कुणी शिकवलं नाही. लहानपणी शेजाऱ्यांचे रेडिओ उघडायचा. त्यातले जे परत जोडता आले नाहीत, ते बापाला भरून द्यावे लागले. त्या भरपाईलाच तो अजून आपली फी म्हणतो. सहा महिने मी त्याच्या फळीवर बसून गिऱ्हाइकांशी चाललेल्या त्याच्या गप्पा ऐकल्या, त्यामुळं माझ्याही बोलण्याला दुकानदारी चिकटलीय. तेवढं चालवून घ्या.

आमचं अंग सागवानी, किनवटच्या वखारीतून आणलेल्या फळ्यांचं. आवाजाचा कागदी पडदा आपल्याच देशातल्या एका कारखान्याचा. जाड आवाज खालच्या मोठ्या तोंडाला आणि बारीक आवाज वरच्या छोट्या तोंडाला वाटून देणारी तारेची गुंडाळी मात्र संगमेशनं हातानं वळली. वेढे मोजताना कुणी दारातून "शरणार्थ, संगमेशअप्पा!" म्हणून रामराम घातला की मोजणी चुकायची. हा हसून उत्तर द्यायचा आणि पुन्हा एकपासून सुरू.

एका सकाळी त्यानं आम्हाला पहिल्यांदा तार जोडली. आमच्या दोघांच्या मधे एक प्लास्टिकचं स्टूल होतं, स्टुलावर चहाचा अर्धा पेला. संगमेशनं मोबाईलवर एक शिवभजन लावलं. एका बाईंचा आवाज, साथीला तबला आणि पेटी. तबला माझ्या वाट्याला आला, पेटी उजव्याच्या. आणि बाई? मी कान देऊन बघितलं, त्या माझ्यात नव्हत्या. उजव्यातही नव्हत्या. त्या मधे होत्या, त्या स्टुलावर, चहाच्या पेल्याच्या वर, जिथं काहीच नव्हतं तिथं! श्वास घेताना त्यांनी मान जरा वळवली तेसुद्धा कळलं. अर्धी बाई माझ्यातून जात होती, अर्धी त्याच्यातून, आणि रिकाम्या हवेत सबंध बाई बसली होती. आज इतकी वर्षं झाली, पण गाणं सुरू झालं की मी अजून तितकाच चकित होतो.

संगमेशनं पेला उचलला नाही. रिकाम्या स्टुलाकडं बघत, आईला म्हणावं तसं म्हणाला, "बसा अव्वा, बसा. चहा पुन्हा करता येईल."

आमची किंमत परदेशी जोडीच्या चौथाईसुद्धा नव्हती, आणि तीच आमच्या आड यायची. शिकवणीवाले एक सर आले. म्हणाले, "स्वस्त नको, इम्पोर्टेड दाखवा." संगमेशनं त्यांना खुर्ची दिली, समोर दोरीवर चादर टांगली आणि चादरीमागं आळीपाळीनं दोन जोड्या वाजवल्या. सरांनी डोळे मिटून निकाल दिला, "दुसरी. याला म्हणतात इम्पोर्टेड!" चादर काढली तर दुसरे आम्ही निघालो. सर म्हणाले, "चादरीमुळं फरक पडत असेल." पहिली जोडी घेऊन गेले. संगमेशनं त्यांना दारापर्यंत सोडलं, आणि चादरही भेट देऊ का विचारलं.

मग मलप्पा आले. बत्तीस वर्षं डाळमिलमध्ये मिस्त्री, नुकतेच निवृत्त झालेले. सोबत मुलगा अमरेश. तूर घेताना दाणा दाताखाली फोडून बघतात ना, तसं त्यांनी मला बोटाच्या पेरानं वाजवलं, उचलून वजन बघितलं, मागं वळवून सांधा बघितला.

"अप्पा, ऐकून तर बघा," अमरेश म्हणाला.

"बत्तीस वर्षं मशिनी ऐकल्या मी. माल हाताला कळतो. बांधा."

"मी म्हणून राहिलो, ऑनलाइन चांगल्या कंपनीचा घेऊ..."

"तुझ्या कंपनीचा मिस्त्री घरी येतो का? ह्याचं दुकान हाय, ह्याला धरता येतं."

संगमेश हसला. "धरा की. मी पळून जाऊन जाऊन उदगीरपर्यंत जाईन."

खरेदीमागं खरी ओढ लक्ष्मम्मांची होती, मलप्पांच्या बायकोची. गिरणीच्या पाळ्यांमध्ये त्यांचा संसार गेला. निवृत्तीच्या दिवशी मलप्पांनी काय पाहिजे विचारलं, तर म्हणाल्या, "साडी नको, सोनं नको. रोज चहाच्या वख्ताला एक गाणं माझ्यासोबत बसून ऐका. बास."

या कौतुकापायीच त्यांनी आम्हाला विणलेल्या झालरी घातल्या, अगदी तोंडावरून. आम्हाला बसवायला आलेला संगमेश हात जोडून म्हणाला, "अव्वा, नव्या नवरीला पदर शोभतो. ह्यांना बोलायचंय हो!" झालरी निघाल्या. आमच्या बरोबर समोर, मधोमध, मलप्पांची खुर्ची लागली. लक्ष्मम्मा तिच्या उजव्या बाजूला वेताच्या मोड्यावर बसल्या.

चार दिवस गेले. पाचव्या दिवशी गाणं अर्ध्यात असताना मलप्पा उठले. "ह्यो उजवा खराब हाय. दबून बोलतो. सगळं डावीकडूनच येतंय."

"मला तर दोन्ही चांगले वाटतात," लक्ष्मम्मा म्हणाल्या. मलप्पांनी उत्तर दिलं नाही. आत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तर बसलेच नाहीत. अमरेशला तोंड फुटलं, "मी सांगून राहिलो होतो, देशी माल! सोमवारी परत करू." लक्ष्मम्मा स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. सुनेला हळूच म्हणाल्या, "स्पीकर कशाला खराब असंल? माझ्यापाशी बसायचंच नसंल त्यांना. मी बोलते तर हुं की चूं करत न्हाईत. आता गाण्याचं निमित्त झालं."

ते ऐकून माझा पडदाच ढिला पडल्यासारखा झाला. परत गेलेल्या मालाचं काय होतं ते मी दुकानात बघितलं होतं. पेचकस येतो, एकाचं तोंड दुसऱ्याला लागतं, जोडी राहत नाही. पण त्याहून जास्त लागलं ते लक्ष्मम्मांचं. आयुष्यभरात एक गोष्ट मागितली, आणि ती आमच्यापायी बुडायला आली होती.

सोमवारी मलप्पांनीच फोन केला. संगमेश तासाभरात हजर. आल्या आल्या हुज्जत नाही, की 'माझा माल असा नसतो' नाही. "बघू या की, अप्पा. लेकरू आजारी असतं कधी कधी."

त्यानं आमची फक्त जागा बदलली. तारा होत्या तिथंच ठेवल्या. मी आयुष्यात पहिल्यांदा उजवा झालो. गाणं लागलं. मलप्पा खुर्चीवर बसले. मी जीव तोडून वाजलो.

"न्हाई. उजवा अजून मेलेलाच."

म्हणजे आता मीच मेलेलो! अमरेश म्हणाला, "बघा, मग गाणं वाजवायच्या डब्यातच बिघाड असंल."

संगमेशनं मलप्पांकडं बघितलं. बघतच राहिला. मग किल्ली काढून म्हणाला, "अमरेश, गाडीच्या डिकीत माझा टेस्टर हाय, आण की. खाली तळाला असंल, नीट बघ."

अमरेश जिना उतरला. संगमेश म्हणाला, "अप्पा, एक मिनिट उठा." त्यानं खुर्ची उलटी फिरवली. मलप्पा आमच्याकडं पाठ करून बसले. आम्हाला कुणी हातही लावला नव्हता.

मलप्पा दचकले. "अरे! आता ह्यो बोलायला लागला की! लई भरून बोलतोय!" त्यांचं बोट माझ्याकडं होतं, मघाशी मेलेल्या माझ्याकडं. "आन् तिकडचा गेला."

संगमेशनं गाणं बंद केलं. मलप्पांच्या डाव्या बाजूला जमिनीवर मांडी घालून बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "अप्पा, गिरणीत यंत्राकडं कुठली बाजू करून उभे ऱ्हायचे?"

"उजवी. हँडल उजव्या हाताला होतं." मग चढ्या आवाजात, "मला ऐकू येतं!"

"येतं की. मी किती हळू बोलून राहिलो, सगळं कळलं तुम्हाला. डाव्यानं. पण उजवा कान एकदा दाखवून या. माल परत घ्यायला मी कधीबी येतो, माल कुठं पळतोय?"

अमरेश वर आला. "डिकीत टेस्टर न्हाई."

"अरे हाव, खिशातच होता!" संगमेशनं खिशातून काढला, माझ्या पाठीला उगाच लावला आणि म्हणाला, "झालं. तारेचं तोंड सैल होतं." ही एवढी सपशेल थाप मी पहिल्यांदा ऐकली, आणि त्या माणसाविषयी मला जे वाटलं ते सांगायला माझी दोन्ही तोंडं अपुरी आहेत.

पण दारात लक्ष्मम्मा होत्या. त्यांनी सगळं बघितलं होतं.

कानाच्या डॉक्टरांनी तपासलं. उजव्या कानाची नस केव्हाच दमून गेलेली, आता औषध नाही. डावा ठणठणीत. मलप्पांनी घरी येऊन टोपी काढली आणि खुर्चीत बसले. बायकोला म्हणाले, "तू उजवीकडं बसून बोलायचीस."

"हाव."

"जेवतानाबी."

"तिथूनच वाढायला सोपं पडतं."

"मंग मला हलवायचं तरी!"

"मला वाटलं, मिस्त्री मोठे झाले," लक्ष्मम्मा म्हणाल्या. हसल्या, आणि मग पदरानं डोळे पुसले.

संगमेश पुन्हा आला तेव्हा त्यानं खरं ते सांगितलं. एका कानानं मधल्या बाई दिसत नाहीत. त्या बसतात दोन कानांच्या मधे. पाहिजे तर दोघांचा आवाज एकात मिसळून देतो, पेटी-तबला सगळं एकाच तोंडातून येईल. मलप्पांनी विचार केला. म्हणाले, "नको. हिला दिसतात ना? मग राहू दे तसंच."

आता मी परत डावीकडं आहे. सागवानावर वर्षांचा रंग चढलाय. झालर आता मागच्या बाजूला असते, तिथं मला तिची अडचण नाही. अमरेशनं गेल्या महिन्यात त्याच्या मित्राला संगमेशच्या दुकानात नेलं, तेही चादर टांगायला सांगून. तुम्हा ऐकणाऱ्यांना माझी एकच विनंती आहे. आमच्यातला एखादा मंद वाटला, तर आम्हाला खोक्यात भरण्याआधी एकदा खुर्ची फिरवून बघा. आणि घरात कुणी हाकेला ओ देत नसेल, तर रुसण्याआधी दुसऱ्या बाजूनं हाक मारा.

मधोमधची खुर्ची आता लक्ष्मम्मांची आहे. मलप्पा त्यांच्या उजव्या हाताला मोड्यावर बसतात, म्हणजे मलप्पांचा चांगला, डावा कान बायकोकडं होतो. चहा येतो, गाणं लागतं, आणि लक्ष्मम्मा त्या कानाशी वाकून सांगतात, "आता बाई बसल्या. खिडकीच्या अलीकडं. पेटी त्या कोपऱ्यात हाय... आता जरा मागं सरकल्या बघा... आता तबला इकडं, माझ्याकडं आला..." मलप्पा त्या रिकाम्या जागेकडं असे बघतात, की मलाही तिथं नव्यानं बघावंसं वाटतं. सांगण्याच्या नादात बाईंचं गाणं संपून जातं. आम्ही दोघं गप्प होतो.

"संपलं," लक्ष्मम्मा म्हणतात.

"संपू दे. तू सांग," मलप्पा म्हणतात, "तबला कुठं आला म्हणालीस?"