नामुलीची उघडी खिडकी

पावसाळ्यात आमच्या मठात तीन गोष्टी वाळत नाहीत: झगे, सरपण आणि सिस्टर नामुलीचे डोळे.

आजूबाजूच्या अकरा चर्चना मिसेच्या, म्हणजे रविवारच्या उपासनेत प्रसाद म्हणून द्यायच्या, चकत्या आमच्याकडून जातात. पीठ आणि पाणी कालवून लोखंडी साच्यात पातळ पापुद्रे भाजायचे, रात्रभर ओल्या फडक्याखाली दमट करायचे, सकाळी ठशाने गोल कापायचे. फडकं कोरडं राहिलं की चुरा, जास्त ओलं झालं की लगदा. नव्याने आलेल्या नामुलीच्या हातून महिनाभर हेच दोन पदार्थ निघत होते. शेवटी मदर कॅलिस्टा म्हणाल्या, "रविवारच्या चकत्या जमल्या तर राहील. नाहीतर सोमवारच्या बसने घरी."

वर पोरीला खिडकी लावायची कधी आठवण नाही.

"तुमच्या घराला दारं नव्हती का गं?"

"होती, सिस्टर बिबियाना. पण कोंबड्यांची ये-जा असायची ना."

शनिवारी सकाळी भट्टीच्या खोलीत गेले तर खिडकी सताड उघडी! रात्रभर पाऊस कोसळत होता. वळचणीमुळे थेंब आत आले नव्हते, पण पापुद्रे टेबलावर उघडेच.

"फडकं कुठंय?"

"विसरले."

"झालं! बांध बोचकं."

तिने बाहीला नाक पुसलं आणि ठसा उचलला. आता कडकन फुटणार म्हणून मी डोळे मिटले. नुसतं 'टक' झालं. चकती अखंड, कडा साफ. दुसरीही तशीच. हवं तेवढं दमट पावसानेच केलं होतं! हे काम मी शिकले ते कोरड्या जानेवारीत. तेव्हापासून तीस वर्षं भर पावसातसुद्धा फडकी भिजवत बसले. माझंच मला हसू आलं, आणि लाजही वाटली.

मदर बघायला आल्या आणि त्यांनी एक चकती उजेडात धरली. "बिबियाना, तुझ्या हाताची सर कुणाला नाही."

गोड वाटलं, खोटं कशाला बोलू? नामुली खाली मान घालून उभी होती.

"माझा हात नाही, मदर. हिचा. फडकं न घालता, खिडकी उघडी ठेवून."

"मुद्दाम?"

"नाही, मदर," नामुली पुटपुटली. "विसरले."

मदरना हसू आवरेना. "मग सोमवारची बस जाऊ दे रिकामी."

संध्याकाळी नवे पापुद्रे मांडून झाले. नामुली शहाण्यासारखी खिडकी लावायला उठली.

"खबरदार हात लावलास तर!" मी ओरडले.