उलट्या मुखपृष्ठाची शिवण

सरळ बसा, मित्रांनो. मी ट्युनिसच्या जुन्या शहरातली वीतभर लांब पोलादी दाभण आहे, आणि माझ्यापुढे पाठ वाकवून बसलेले मला खपत नाही.

लोहाराने मला घडवले ते लोकरीच्या गाद्या शिवण्यासाठी. आमच्याकडे गादीवाचून मुलगी सासरी जात नाही. जाड गादीत एकीने मला टोचावे, दुसरीने पलीकडून ओढून घ्यावे. मन्नूबिया टोचत असे, तिची लेक दोर्साफ ओढत असे. गल्लीतल्या बायका टाक्यांवरून बोट फिरवून वाहवा करीत. मग दोर्साफची स्वतःची गादी शिवून झाली, आणि तिने ठरलेले लग्न मोडले. मायलेकींचे भांडण साऱ्या गल्लीने ऐकले. दोर्साफ घर सोडून गेली, ती मला घेऊनच.

भाड्याच्या खोलीत, ब्रशांच्या पेल्यात उभी राहून मी गंजले. दोर्साफ येरझारा घाली, चित्रे काढी, फाडी, पुन्हा काढी. तिने स्वतःचीच चित्रकथा रचली: आईच्या हातचा रव्याचा कुसकुस, गादी, भांडण, आणि शेवटच्या पानावर पिशवी घेऊन उघड्या दारात उभी असलेली ती. असली पुस्तके दुकानात ठेवत नाहीत. झेरॉक्स होऊन ती कॅफेंतून हातोहात फिरतात. पाने शिवण्यासाठी तिने मला घासून लख्ख केले. लोकर गेली, कागद आला. मी तक्रार केली नाही.

घोटाळा तिच्या मित्राने, इस्कंदरने केला. दोर्साफचे पुस्तक अरबी; अरबी पुस्तक उजवीकडून उघडते, फ्रेंच डावीकडून. फ्रेंच शाळेत शिकलेल्या इस्कंदरने सवयीने मुखपृष्ठ भलत्याच बाजूला घातले, आणि गोष्ट शेवटाकडून सुरू झाली.

“गाढवा, पहिल्याच पानावर मी घराबाहेर? उसव सगळ्या प्रती!”

“उसवतो बाई. आधी ती दाभण खाली ठेव.”

इतक्यात दारात मन्नूबिया उभी राहिली.

“तुझ्यासाठी नाही आले. शेजारच्या पोरीचं लग्न ठरलंय. माझी दाभण दे.”

बोलता बोलता तिने एक प्रत उचललीसुद्धा. दोर्साफचा चेहरा उतरला. भांडणात किंचाळणारी आई त्यात होती. ती दिसली की घराचे दार कायमचे बंद.

मन्नूबियाला अक्षरे येत नाहीत. ती मुखपृष्ठापासून चित्रे पाहत गेली. दार. भांडण, तिथे ती फार वेळ थांबली. गादी. कुसकुस.

“म्हणजे पिशवी घेऊन आलीस, भांडलीस, आणि जेवायला बसलीस.”

इस्कंदरने तोंड उघडले. दोर्साफने त्याच्या पायावर पाय दिला.

“पण हे नाक माझं नाही. तुझ्या आत्याचं आहे.”

“सुधारते, आई.”

“सुधार. आणि दाभण तूच घेऊन ये. या पोराच्या हाती पाठवलीस तर दार उघडणार नाही.”

त्या प्रती कोणी उसवल्या नाहीत. मी आता दोर्साफच्या पिशवीत आहे. ती चपला घालते, काढते, पुन्हा घालते.

मित्रांनो, दाभण गंजू देऊ नका. आणि शिवलेले उसवण्याआधी एकदा दुसऱ्या बाजूने पाहून घ्या. ऊठ, दोर्साफ! तिकडे लोकर पिंजून पडली आहे, आणि एकीने टोचले तरी ओढायला दुसरी लागतेच.